खानेसुमारी, स्थलांतर आणि मातृभाषेचा रकाना

जनगणनेला जुन्या मराठीत ‘खानेसुमारी’ हा शब्द होता. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. घरे मोजण्यामागे राज्यकर्त्यांचे लक्ष मुख्यतः करवसुलीवर असे. प्रत्येक माणसाचे वय, व्यवसाय आणि भाषा यांची देशव्यापी नोंद ब्रिटिश अमदानीत सुरू झाली. १८७२ ची पहिली गणना सर्व प्रांतांत एकाच वेळी झाली नव्हती. तशी गणना प्रथम १८८१ मध्ये झाली. तेव्हापासूनचा दर दहा वर्षांचा क्रम २०११ पर्यंत टिकला. कोविडच्या साथीमुळे २०२१ ची गणना होऊ शकली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरली आहे.

या गणनांचे आकडे म्हणजे देशाच्या सुखदुःखाची बखरच आहे. १९११ मध्ये आजच्या भारताच्या प्रदेशात सुमारे २५.२ कोटी लोक होते. १९२१ मध्ये ही संख्या वाढण्याऐवजी किंचित घटून २५.१ कोटी झाली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे ओस पाडली होती, प्लेग आणि दुष्काळ यांनी त्यात भर घातली होती. १९२१ नंतर लोकसंख्या पुन्हा कधी घटली नाही, म्हणून भूगोलात या वर्षाला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात. पुढे मृत्युदर आधी उतरला, जन्मदर मात्र सावकाश उतरला. या दोहोंतील अंतरामुळे १९५१ ची ३६.१ कोटींची लोकसंख्या २०११ मध्ये १२१ कोटींवर गेली. वाढीचा वेग मात्र मंदावला आहे. १९६१ ते १९७१ या दशकात वाढ २४.८ टक्के होती, तर २००१ ते २०११ मध्ये ती १७.७ टक्क्यांवर आली.

एखाद्या गावाची वा शहराची लोकसंख्या केवळ जन्म-मृत्यूंनी ठरत नाही. येणारे आणि जाणारेही ती बदलतात. म्हणून जनगणनेत जन्मस्थान आणि पूर्वीचे वास्तव्य विचारले जाते. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदले गेले. स्थलांतर म्हटले की नोकरीसाठी शहराकडे निघालेला तरुण डोळ्यांसमोर येतो; प्रत्यक्षात सर्वांत मोठे कारण विवाह हे आहे. सासरी जाणारी लेक ही या देशातील सर्वांत मोठी स्थलांतरित.

मराठी माणसाचे देशाटन जनगणनेहून जुने आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी तंजावरास पोहोचली. अठराव्या शतकात शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्याबरोबर ती ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोद्यात रुजली. पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि कारखाने यांनी नव्या वाटा उघडल्या. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन देशभरातील सराफ बाजारांत स्थिरावले.

ही सारी वाटचाल जनगणनेत एका रकान्यात उतरते : मातृभाषा. बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी तिची व्याख्या आहे. राहत्या राज्याची भाषा किंवा शाळेचे माध्यम तेथे अपेक्षित नसते. २०११ मध्ये ८.३ कोटी भारतीयांनी आपली भाषा मराठी सांगितली. त्यांपैकी पन्नास लाखांहून अधिक लोक महाराष्ट्राबाहेर होते; एकट्या कर्नाटकात सुमारे वीस लाख.

या संख्येला व्यावहारिक मोल आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५० क सांगतो. तो राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये समाविष्ट झाला. अशा सोयीची मागणी करताना पहिला प्रश्न येतो तो ‘मुले किती?’ हाच. त्याचे उत्तर घराघरांतील नोंदींतूनच तयार होते.

तथापि या रकान्याला एक मर्यादाही आहे. मातृभाषा मराठी असे सांगणाऱ्याला मराठी वाचता येते का, हे त्यातून कळत नाही. तीन पिढ्या परप्रांतात राहिलेल्या घरात भाषा बहुधा स्वयंपाकघरात आणि देवघरात टिकते. पुस्तकात मात्र ती शाळेमुळेच टिकते. मराठी शाळेचे कार्य नेमके येथे सुरू होते.

पुढील गणनेत प्रगणक दारी येईल. बहुधा तोही एखाद्या शाळेतील शिक्षकच असेल. मातृभाषेचे उत्तर त्याने अंदाजाने लिहू नये, घरातल्या माणसांनी ते विचारपूर्वक सांगावे. आणि ज्या लेकराच्या नावापुढे ‘मराठी’ लिहिले जाईल, त्याच्या हाती त्याच वर्षी मराठी पुस्तकही द्यावे.