बातम्यांतला दर्या

"तुम्ही मुसलमान असून मराठी इतकी छान कशी बोलता?" हा प्रश्न मराठी मुसलमानांना नवा नाही. मलाही तो अनेकदा विचारला गेलाय. पूर्वी राग यायचा. आता मी विचारणाऱ्याला जून महिन्यातली वर्तमानपत्रं वाचायला सांगतो.

"मान्सून केरळात दाखल." या शब्दाचं मूळ अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. हजच्या हंगामालाही अरबीत मौसिमच म्हणतात. अरब दर्यावर्दींसाठी मौसिम म्हणजे गलबतं हाकारण्याचा काळ. नैऋत्येच्या वाऱ्यांचा जोर ओसरू लागला की त्यांच्या आधाराने ते आपल्या किनाऱ्याला येत आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला, पुढे तो इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' होऊन आपल्याकडे आला. तोच शब्द फारसीच्या वाटेने 'मोसम' म्हणूनही मराठीत आला. म्हणजे 'मोसमी वारे' आणि 'मान्सून' ही सख्खी भावंडं.

पुढची बातमी वाचा. "तुफानाचा इशारा, खलाशांनी बंदर सोडू नये." तुफान आणि खलाशी अरबीतून आलेले, बंदर फारसीतून. हजरत नूह यांच्या काळातल्या प्रलयासाठी कुरआनात 'तूफान' हाच शब्द आहे. आपल्याकडे मात्र सभेला गर्दीही तुफान होते आणि नाटकही तुफान चालतं. माझी आजी तर समुद्र म्हणायचीच नाही, दर्याच म्हणायची.

हे शब्द आले कसे? बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, सैमूरला म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान दिसले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. राज्य राष्ट्रकूटांचं होतं. ही माणसं फौज घेऊन आली नव्हती, व्यापाराला आली, इथे लग्नं केली आणि इथलीच झाली.

पुढे शिवरायांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही त्यांच्या आरमाराच्या इतिहासात दौलतखान आणि दर्यासारंग ही नावं ठळकपणे येतात. 'आरमार' हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आलेला!

वारे आजही सरहद्द मानत नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. नाव पाकिस्तानने सुचवलेलं. त्याच्या उरलेल्या जोराने मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेली. मग ते अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावलं, कतारने सुचवलेलं 'शाहीन' हे नाव घेऊन ऑक्टोबरमध्ये ओमानवर आदळलं. मसूदीने ज्या ओमानची माणसं चौलला पाहिली, तेच ओमान.

म्हणून "बाहेरचे कोण?" असं कुणी विचारलं, की मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, आधी मोसम, बंदर, दर्या, तुफान हे शब्द बाजूला काढा आणि मग पावसाची बातमी मराठीत सांगून दाखवा.