साहेबाचे ओटे

कोयनेहून घाट उतरून दक्षिणेस गेले की विजयदुर्ग. तेथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगतात, की १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने येथूनच सूर्यातील हेलियम शोधला. मंडळी, हे खरे नव्हे. १८ ऑगस्टच्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर विलायतेत होता. सूर्यज्वालांतील ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात, ग्रहणावाचूनच पाहिली. विजयदुर्गास तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याआधी, १८९५ सालीच, रॅम्झेने हेलियम पृथ्वीवर मिळवला होता.

मग ओट्यांची मातब्बरी गेली काय? मला तर वाढलेली दिसते. ‘मेल्पोमिनी’ युद्धनौकेचे खलाशी तेथे उपकरणांपाशी तालीम करीत होते. (असे हात शोधांच्या यादीत नसतात, आम्हां कामगारांना हे नवे नाही.) भर दुपारी समुद्रावरून चंद्राची सावली आली, आणि जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखात ते आपापल्या कामाला लागले.