पत्ता भिलाईचा, मुक्काम रायपूरचा

२०१६ साली आयआयटी भिलाईत प्रवेश मिळालेला मुलगा भिलाईला उतरला असता, तर त्याला कॉलेज सापडलंच नसतं. वर्ग भरणार होते रायपूरजवळ, सेजबहारच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात.

फौजेत पलटण हलण्याआधी एक तुकडी पुढे जाऊन राहण्या-जेवणाची सोय लावते. या पोरांच्या पुढे कोणी गेलंच नव्हतं. पहिली बॅच, सीनियर कुठून येणार? आधार होता तो पालक संस्थेचा, आयआयटी हैदराबादचा.

ही निवड मला पटते. हैदराबादनं स्वतःही २००८ मध्ये उसन्या जागेतच संसार मांडला होता, येद्दुमैलारमच्या आयुध निर्माणीच्या आवारात. आमच्या पायदळाची ‘सारथ’ चिलखती वाहनं तिथलीच. (त्यांतून प्रवास केलाय, पाठ अजून सांगते.) तेव्हा त्यांना सांभाळलं आयआयटी मद्रासनं. २०१५ मध्ये ते कांदीला स्वतःच्या जागेत गेले आणि पुढच्याच वर्षी भिलाईचं पोर त्यांच्या पदरात आलं. नव्या जागी पोरगं कुठं बावरतं, हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

भिलाईजवळ कुटेलाभाटाच्या आवाराचं लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी झालं. पहिली बॅच तोवर सेजबहारहूनच पदवी घेऊन गेली होती.