शेपूट छाटलेली टपालपेटी

मायक्रोसॉफ्ट आउटलुक पूर्वी घरच्या संगणकावरची सगळी टपाल एकाच पीएसटी फाइलीत साठवी. या जुन्या फाइलीची मर्यादा २ जीबी. ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होई. कंपनीचा उपाय अघोरीच होता: फाइलीचे शेपूट छाटायचे, मग स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन चालवायचे. छाटलेल्या भागातली पत्रे गेली ती गेलीच. स्कॅनपीएसटी तुटलेले दुवे जोडी आणि बेवारस पत्रे ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरात टाकी. मात्र फाइलीच्या आरंभीची चार चिन्हे, म्हणजे उद्गारचिन्ह, बी, डी, एन, पुसली गेली तर त्याला फाइल ओळखूच येत नसे. आउटलुक २००३ने युनिकोड फाइल आणली आणि मर्यादा २० जीबीवर गेली. फाइलीची अंतर्गत रचना मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये खुली केली. तोवर बाहेरच्या दुरुस्तीकारांना ती बाइट चाचपडत उलगडावी लागे.