पिढ्यांमधील अंतर

एकाच घरातील थोरल्या व धाकट्या माणसांच्या मूल्यांत आणि राहणीत पडणारी तफावत. केवळ वयातील फरकाने ती पडत नाही. तरुणपणी एकत्र अनुभवलेल्या ऐतिहासिक घडामोडी पिढी घडवतात, असे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ च्या निबंधात मांडले.

महाराष्ट्रात जुने सनातनी व नवे सुधारक अशी सरधोपट विभागणी करण्याची सवय आहे. कर्वे पितापुत्रांपुढे ती टिकत नाही. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांचे थोरले पुत्र रघुनाथ (१८८२–१९५३) सुधारणेच्या वातावरणातच वाढले आणि वडील थांबले त्याच्या बरेच पुढे गेले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. प्राध्यापकी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी एकात डॉ. आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. पित्याला पुढे भारतरत्न लाभले, पुत्राच्या वाट्याला हयातीत मुख्यतः टवाळीच आली. पत्नी मालतीबाईंची साथ मात्र होती.

स्वातंत्र्योत्तर काळात वाद सुधारणेपेक्षा घर, जमीन व म्हातारपण यांवर आला. ‘नटसम्राट’ (१९७०) आणि ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकांत तो दिसतो. आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा २००७ मध्ये झाला.