करवीर संस्थानातील शाळा व वसतिगृहे

गडमुडशिंगीसारख्या जवळच्या खेड्यातून कोल्हापूरची शाळा पायी गाठणे शक्य होते. दूरच्या पेट्यांतील निर्धन विद्यार्थ्यास मात्र नगरात राहण्याजेवण्याची सोय नसेल, तर शाळाप्रवेश व्यर्थच होता. ही उणीव ज्ञातिसंस्थांनी भरून काढली व शाहू छत्रपतींच्या दरबाराने त्यांस साहाय्य दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम झाला. १९१९ च्या आज्ञेने अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद होऊन त्यांच्या मुलांस सरकारी शाळांत इतरांबरोबर प्रवेश मिळाला. अशा रीतीने वर्ग एक झाला, परंतु निवास बहुतांशी ज्ञातिवारच राहिला. समान संधीचा हा प्रयत्न ज्ञातिसंघटनेच्या बळावर उभा होता. त्याची मर्यादाही तीच होती.