‘पेशी’ : कचेरीतील, प्रयोगशाळेतील व परिषदेतील

समुद्रपूर-हिंगणघाटाकडे ‘उद्या माझी पेशी आहे’ असे कोणी म्हणाला, तर त्याची कोर्टात तारीख आहे असे समजावे. १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता. तेथील हिंदी कचेरीभाषेच्या सान्निध्याने हा शब्द इकडे टिकून राहिला. तो मूळचा फारसी; ‘पेश’ म्हणजे समोर. जीवशास्त्रातील ‘पेशी’ मात्र संस्कृत होय. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या, त्या मांसाच्या. मराठीत त्या अर्थी ‘स्नायू’ रूढ झाला आणि ‘पेशी’ नव्या कामासाठी मोकळी राहिली, असे दिसते.

हे नवे काम महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने उभे राहिले ते मुंबईस. १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. १९५१ मध्ये ‘हेला’ पेशींचा अखंड वाढणारा वंश ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला, तीच ही. परत आल्यावर त्यांनी केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील पहिली मानली जाते.

काचपात्रात पेशी जगविणे हे मोठे नाजूक काम. पोषकद्रव किंचित बिघडले किंवा एखादा जंतू शिरला, की सारे संवर्धन वाया जाते. म्हणून एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष परिसंवादात समव्यवसायी मंडळींच्या उलटतपासणीस उतरावा लागतो. तेथे संस्कृत पेशीची फारसी पेशी होते, असे म्हणावयास हरकत नाही!

परंतु ही उलटतपासणी मुख्यत्वे इंग्रजीतच चालत आली. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये निघाली, तोवर मराठी संशोधकांना आपल्या भाषेत एकमेकांपुढे उभे राहण्याचे निमित्त क्वचितच होते. परिणामी परिभाषा संशोधकांच्या तोंडी न घडता कोशकारांच्या व पाठ्यपुस्तककारांच्या हाती घडली. शालेय पुस्तक ‘पेशी’ म्हणते, मराठी विश्वकोश ‘कोशिका’ म्हणतो. समुद्रपूरचा विद्यार्थी एकातून दुसऱ्यात जाताना वस्तू बदलली असे समजला, तर त्यास दोष देता येणार नाही.

रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिलेल्या कप्प्यांना लहान खोलीचे नाव दिले. त्या अर्थाशी ‘कोशिका’ अधिक जुळते, हे खरे. तथापि आमचे मत ‘पेशी’कडे आहे, ‘पांढऱ्या पेशी’ म्हटल्यावर घरातील आजीलाही समजते. निवाडा मात्र आम्हा भाषाशास्त्रज्ञांनी नव्हे, मराठीतून निबंध वाचणाऱ्या जीवशास्त्रज्ञांनी द्यावयाचा आहे.